ती ओरडली होती

मॅडमनी माझ्या कानशिलात लगावली. भर वर्गात, फळ्यासमोर उभी करून, खांद्याला धरून तोंड वर्गाकडे वळवून. मग हात झटकला आणि वर्गाला म्हणाल्या, "बघितलंत? ही ओरडली नाही. कथेतली बाईसुद्धा ओरडत नाही. याला म्हणतात मौनाची प्रतिमा. लिहून घ्या."

वर्गानं लिहून घेतलं. पेनांची खरखर मला एकाच कानानं ऐकू आली. दुसऱ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. मॅडमच्या बोटातली अंगठी माझ्या कानातल्या बाळीत अडकली होती आणि हात मागे घेताना त्यांनी ती ओढली. कानाची पाळी फाटली. रक्त मानेवरून कुर्त्यात उतरलं. मॅडमना ते दिसलं. त्यांनी पर्समधून टिश्यू पेपर काढला, दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, "थँक यू. बस जागेवर."

मीही थँक यू म्हणाले. आज आठवलं की थपडेपेक्षा त्या माझ्या थँक यूची जास्त चीड येते.

ही गोष्ट गोंदियातल्या एका कॉलेजातली. एम. ए. मराठी, पहिलं वर्ष. कॉलेजचं नाव सांगत नाही, मॅडमचंही नाही. कथेचं तर मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की लोक कथेबद्दल बोलायला लागतात आणि थप्पड बाजूला राहते. हे मी पाहिलं आहे.

कथा थोडक्यात अशी. जंगलातला डाक बंगला. शहरातून एक साहेब आला आहे, एकटा, मनानं थकलेला. पडवीत बसून चहा घेतो आहे. समोरच्या आवारात ठेकेदाराचा माणूस एका बाईला झोडपतो आहे, मोळी चोरली म्हणून. साहेब बघतो. उठत नाही. त्याच्या मनात लहानपणचं काय काय येऊन जातं, आईचा हात, तापातली एक दुपार, विहिरीत पडलेला चेंडू. बाई मार खाते पण तोंडातून आवाज काढत नाही. शेवटी कुठूनसा एक पक्षी फडफडून उडतो, चहावर साय धरते आणि कथा संपते. नवकथेतला मैलाचा दगड म्हणतात तिला. गाईडमध्ये तिच्यावर हमखास प्रश्न असतात. प्रतीकं स्पष्ट करा. पात्रचित्रण करा. संज्ञाप्रवाहाचं तंत्र सोदाहरण सांगा.

मॅडम ही कथा शिकवायला प्रसिद्ध होत्या. बाई नाजूक, आवाज मऊ, सुती साड्या. माहेर राइस मिलवाल्यांचं, सासर संस्थेच्या अध्यक्षांच्या नात्यातलं. एरवी वर्गात कधी आवाज चढवत नसत. वर्षातून एकदा, या एका कथेला, एका मुलीला मारत. आमच्याकडे त्याला थपडेचा तास म्हणायचे. बी. ए.ची पोरंसुद्धा त्या दिवशी दाराशी येऊन उभी राहायची, मोबाईल वर धरून. सीनियर मुली सांगायच्या, "जिला पडते तिचं नशीब निघते. इंटर्नलला मार्क चांगले भेटतात." मारसुद्धा नशिबानं मिळतो असं मानणारे आम्ही लोक.

मारण्याआधी मॅडम रांगेनं एक प्रश्न विचारायच्या. "तुझी आई काय करते?"

पहिली म्हणाली, "शिक्षिका आहे." मॅडम म्हणाल्या, "छान. बस."

दुसरी गोंदियातलीच. "मॅडम, हमारी दुकान है, मम्मी वहीं बैठती है." "बस."

तिसरी दवनीवाड्याची. "घरची धानाची शेती आहे." मॅडम जरा थांबल्या. "रोवणीला तुम्ही स्वतः जाता की बाया लावता?" "बाया लावतो, मॅडम." "बस."

मग मी. आम्ही गोंड, सालेकशाच्या पुढे जंगलात गाव. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मोहफुलं वेचते, मॅडम. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते."

मॅडम हसल्या. खरंच गोड हसल्या. "वा," म्हणाल्या, "ये पुढे."

एवढ्या मोठ्या बाईनं माझ्या मायचा धंदा ऐकून वा म्हटलं, म्हणून मी हरखले. ओढणी नीट करून पुढे गेले. पुढचं सांगितलंच आहे.

त्या दिवशी पॅसेंजरनं घरी आले. माय अंगणात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि हातातली काडी खाली ठेवली.

"कान कायनं फाटला?"

"मॅडमनं मारलं."

"काऊन?"

"एक गोष्ट शिकवून राहिल्या होत्या."

"गोष्ट शिकवाले मारा लागते का?" माय म्हणाली. तिनं हळद आणून कानाला दाबली. मग विचारलं, "मंग तू काय केली?"

"काई नाही."

"वरडली नाही?"

"नाही."

"काऊन वो? मुकी आहेस का?"

माय माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती की कानापेक्षा तेच जास्त झोंबलं. ही पोर आपलीच आहे की कुण्या दुसऱ्याची, असं ती बघत होती.

ती तसं का बघत होती हे कळायला आमच्याकडचा एक रिवाज सांगावा लागतो. मोहफुलं पहाटे गळतात. उजाडता उजाडता बाया जंगलात शिरतात, एकेक जण आपापल्या झाडाखाली. त्याच वेळी अस्वलंही मोह खायला येतात. म्हणून बाया वेचता वेचता हाक देत राहतात. हूऽऽऽ. एकीनं दिली की दुसरीनं द्यायची, मग तिसरीनं. ज्या झाडाखालून हाक आली नाही तिकडे सगळ्या टोपल्या टाकून धावतात. मी चालायला लागले तेव्हापासून मायनं मला हेच शिकवलं. "जंगलात चूप राहाचं नाही. चूप माणसाले अस्वल खाते." आमच्या जंगलात मौनाला असा एकच अर्थ आहे. कोणीतरी मरतं आहे.

आणि मी मायचा मार पाहिलेला आहे. लहान होते, टोपली घेऊन तिच्या मागं मागं होते. मोह वेचायला जमीन साफ लागते म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तसा तिनं पेटवला होता. ठेकेदाराचा माणूस आला. म्हणाला, तुझ्या आगीनं आमची लाकडी बल्ल्यांची थप्पी जळाली. थप्पी पार नाल्याच्या पलीकडे होती, तिकडे धूरसुद्धा नव्हता. त्यानं मायचे केस धरले, खाली पाडली आणि हिरव्या बांबूनं मारायला लागला. पाठीवर, पायावर, पोटरीवर. हिरवा बांबू तुटत नाही, तो लवतो आणि पुन्हा येतो. मायचं लुगडं फाटलं. फुलं तिच्या अंगाखाली चेंगरून गेली, त्यांचा गोड वास आणि रक्ताचा वास एकत्र आला. अजूनही मोहाच्या वासानं मला मळमळतं.

माय ओरडली. अशी ओरडली की झाडावरची माकडं पळाली. "मेली वोऽऽ माय, मेलीऽऽ." एक फटका, एक किंकाळी. तिनं एकही फटका मुका जाऊ दिला नाही.

आणि बाया आल्या. चहूकडून आल्या, पाचोळा तुडवत. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात दगड, कोणी नुसत्या टोपल्या घेऊन. त्यांनी त्या माणसाला विचारलं नाही, समजावलं नाही. त्याचाच बांबू हिसकला. तो पालथा पडला तरी मारत होत्या. त्याचा एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. मी तो बराच वेळ बघत होते. त्याला ओढत नाल्यापर्यंत नेला आणि टाकून दिला. नंतर गावात पोलिसांची जीप आली, बायांना घेऊन गेली, त्या वर्षीचा मोह जमिनीवरच सडला. पण माय जिवंत राहिली. ती तिच्या ओरडण्यानं जिवंत राहिली.

मग मी का ओरडले नाही?

कारण आश्रमशाळेत पोरं मायची नक्कल करायची. मी दिसले की एकजण पाठीवर हात मारून घ्यायचा आणि दुसरा ओरडायचा, "मेली वोऽऽ माय!" सगळे हसायचे. एकदा गुरुजी पण हसले. मी जमिनीत गडप व्हायची तेवढी राहायची. तेव्हाच ठरवलं होतं, काही झालं तरी आपण मायसारखं बोंबलायचं नाही. पुढं शिकत गेले तसं हेच पुस्तकांतही भेटलं. चांगली माणसं सोसतात. दुःख गिळतात. जो ओरडतो तो गावंढळ. मॅडमची थप्पड पडली तेव्हा मी दात आवळून उभी राहिले आणि मनात म्हणाले, मी मायसारखी नाही. ही लाज मी स्वतःच्या हातानं जपली होती, मॅडमनी तिचा फक्त उपयोग करून घेतला.

त्या रविवारी मी कथा पुन्हा वाचायला घेतली. परीक्षेसाठी नाही. मायच्या नजरेचं उत्तर शोधायला.

साहेबाचा कान फार तिखट आहे. कपात चमचा फिरतो, त्याला ऐकू येतं. पडवीच्या कौलांत पाल चुकचुकते, ऐकू येतं. पक्ष्याच्या पंखांचा तर लेखकानं अर्धा परिच्छेद आवाज काढला आहे. आणि अंगणात बाईच्या पाठीत काठी बसते, तिचा आवाज नाही. काठीचाही नाही, बाईचाही नाही. मारणाऱ्याला मिशा आहेत, बूट आहेत, नाव आहे. त्याचं मनगट कसं फिरतं याचं वर्णन इतकं देखणं आहे की वाचणाऱ्यानं त्या मनगटावर जीव टाकावा. बंगल्यातल्या कुत्र्यालाही नाव आहे. बाई नुसती ती. तिची पाठ आहे, तोंड नाही. साहेब बसला आहे तिथून तिचं तोंड दिसतच नाही, कारण त्याची खुर्ची तशी ठेवली आहे. खुर्ची कोणी ठेवली? लेखकानं.

मी वाचता वाचता उठून बसले. ती बाई ओरडली होती. हाडामांसाची कुठलीही बाई हिरव्या बांबूखाली गप्प राहत नाही. ती ओरडली होती आणि त्या लेखकानं ते कागदावर येऊ दिलं नाही. ओरडली असती तर साहेबाला उठावं लागलं असतं. साहेब उठला असता तर चहा सांडला असता, आणि मग कसलं एकाकीपण आणि कसली साय. बाई गप्प राहिली म्हणून साहेबाला दुःखी होता आलं. शाळेत म्हण पाठ केली होती, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. इथं बुक्क्या ठेकेदाराच्या होत्या आणि तोंड लेखकानं दाबलं होतं.

तेव्हा मॅडमचा प्रश्नही कळला. तुझी आई काय करते. त्या वर्गात मुलगी शोधत नव्हत्या, आई शोधत होत्या. जी कॉलेजच्या पायऱ्या चढून जाब विचारायला येणार नाही अशी आई. बळी तो कान पिळी. माझा तर फाडला.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. तेव्हा अजून वाटत होतं, मुद्दा बरोबर असला की माणसं ऐकतात.

"मॅडम, ती बाई ओरडली होती."

"कुठली?"

"कथेतली." मी सगळं सांगितलं. चमचा, पाल, खुर्ची. मायबद्दलही सांगितलं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान वाचलंस," म्हणाल्या. "पण तू पात्राच्या फार जवळ उभी आहेस, बेटा. समीक्षेला अंतर लागतं. तुमच्याकडे बायका ओरडत असतील, मी नाही म्हणत नाही. पण ओरडणारी बाई ही बातमी असते. न ओरडणारी बाई ही कला असते." मग माझ्या कानाकडे पाहून म्हणाल्या, "भरला ना? एम. ए. चांगलं कर. तासिका तत्त्वावर तुला इथंच घेऊन टाकू."

मी गप्प बसले. हे मान्य करायला हवं, नोकरीच्या नावानं माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. आमच्या गावात एम. ए. झालेलं कोणी नव्हतं. कॉलेजात शिकवणारी गोंडाची पोरगी म्हणजे काय, हे मी झोपेतसुद्धा पाहत होते. वर्षभर मी मॅडमची लाडकी राहिले. फाटका कान केसांखाली झाकून.

दुसऱ्या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा नोटीस लागली. बाहेरगावचे प्राध्यापक येणार होते, त्यांच्यासमोर मॅडमचं आदर्श व्याख्यान. तीच कथा. कॉलेजच्या सभागृहात बॅनर, पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या. पाहुणे पहिल्या रांगेत. विद्यार्थी एम. ए.चे दोन्ही वर्षांचे. आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुली मागं बसलो होतो. विभागाचा एक मुलगा मोबाईल स्टँडला लावून शूटिंग करत होता.

मॅडम सुंदर बोलल्या. खोटं कशाला सांगू, मलाही पुन्हा ऐकत राहावंसं वाटलं. मग त्या खाली उतरल्या आणि पहिल्या वर्षाच्या रांगेत विचारत निघाल्या. तुझी आई काय करते. बस. तुझी? बस.

गोरेगावकडची एक मुलगी उठली. रेवंता तिचं नाव, त्याच वर्षी आलेली, सडपातळ, खाली बघून बोलणारी. हळूच म्हणाली, "लगनाच्या कामात भांडे घासते, मॅडम."

"वा," मॅडम म्हणाल्या. "ये पुढे."

रेवंतानं ओढणी नीट केली. अगदी तशीच, जशी मी केली होती.

मॅडमनी तिला मंचावर नेलं, खांद्याला धरून तोंड आमच्याकडे वळवलं. हात वर गेला. मी कधी उभी राहिले मला ठाऊक नाही. माझ्या तोंडातून हाक निघाली. जंगलातली. हूऽऽऽ. लांबलचक. सभागृह गर्रकन मागं वळलं. कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी चालत मंचापर्यंत गेले. म्हणाले, "मॅडम, हिला मारू नका."

"खाली बस."

"मला मागच्या वर्षी मारलं. कान अजून फाटका आहे." मी केस मागे करून कान दाखवला, मॅडमना नाही, पाहुण्यांना.

मॅडम क्षणात सावरल्या. पाहुण्यांकडे वळून हसल्या आणि म्हणाल्या, "ही आमची जंगलातली हुशार विद्यार्थिनी. हे सगळं सादरीकरणाचाच भाग आहे बरं का."

पाहुणे हसले. खुर्चीत सैल बसले. एकानं मान डोलावली, जमलंय म्हणून. माझी हाक, माझा कान, माझं सगळं त्या एका वाक्यानं मॅडमनी पुन्हा कथेत घालून टाकलं. मी आयुष्यात कोणाचा इतका द्वेष केला नाही.

"नाही," मी म्हणाले. "हा भाग नाही. ही बाई दरवर्षी एका गरिबाच्या पोरीला मारते."

मॅडमनी मारलं. या वेळी शिकवायला नाही, खरं मारलं. दात ओठात रुतला, तोंडात रक्त आलं.

आणि मी ओरडले. मायची किंकाळी. पोरांनी नक्कल करून करून मला ती शब्दासकट पाठ करून दिली होती. "मेली वोऽऽ माय, मेलीऽऽ." एकदा नाही. थांबलेच नाही. सभागृहाच्या भिंतींवर आपटून ती परत येत होती आणि मी पुन्हा देत होते. शिपाई धावत आला. कँटीनमधली माणसं आली, ऑफिसातली आली, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतून पांढरे कोट घातलेली पोरं आली. पाहुणे उठून उभे राहिले. साहेब उठले.

"बस कर," मॅडम म्हणत होत्या. "पुरे. बस कर म्हणते ना." त्यांनी एक हात माझ्या मानेमागं घातला आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या तोंडावर दाबला. तीच अंगठी माझ्या दातांवर घासली. श्वास कोंडला.

मी चावले. अंगठ्याच्या खालच्या मांसाला. तोंडात खारट चव येईपर्यंत दात काढले नाहीत.

मॅडम ओरडल्या. मौन नाही, प्रतिमा नाही, काही नाही. चांगल्या गळा फाडून ओरडल्या. अगदी मायसारख्या ओरडल्या.

मी ओठ पुसले आणि सभागृहाकडे वळून म्हणाले, "बघितलंत? लिहून घ्या."

कोणी लिहून घेतलं नाही.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या गोंदियात फिरला. तो माझ्या दातांपासून सुरू होतो. आधीची थप्पड त्यात नाही, हात तोंडावर दाबला ते नाही, रेवंता नाही. एक काळी पोरगी एका गोऱ्या बाईचा हात चावते आहे आणि बाई ओरडते आहे, एवढंच. स्टेशनवर पोरं मला बघून म्हणायला लागली, "अरे, काटनेवाली आ गई." गोष्ट कुठून सुरू करायची हे ज्याच्या हातात, गोष्ट त्याची होते. एम. ए.मध्ये दोन वर्षं निवेदनतंत्र शिकून जे कळलं नाही ते त्या व्हिडिओनं एका मिनिटात शिकवलं.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. पाहुणे निघून गेले होते, त्यांना कोणी बोलावलं नाही. मी रेवंताला साक्षीला बोलवा म्हटलं. ती आली. खाली बघून म्हणाली, "मी खाली पाहून राहिली होती. मले काही दिसलं नाही." तिच्या मायचं काम मॅडमच्या सासरच्या लग्नाच्या हॉलमध्ये आहे हे मला नंतर कळलं. मला तिचा राग येतो. कळतं सगळं, तरी येतो. त्या दिवशी तिच्या गालावर पडणारी माझ्या गालावर पडली होती.

समितीनं सांगितलं, लेखी माफी माग, मॅडमच्या समोर वाचून दाखव, मग परीक्षेला बस. नाही तर नाव कमी. संस्थेचे अध्यक्ष स्वतः म्हणाले, "बेटी, दो लाइन लिख दे. जिंदगी का सवाल है." चांगल्या शब्दांत म्हणाले. चांगल्या शब्दांचा मला तोवर कंटाळा आला होता.

मी लिहिलं नाही. माझं नाव कमी झालं.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. चावले म्हटल्यावर तिनं विचारलं, "मास निघालं का?"

"थोडं."

माय हसली. तिला इतकं हसताना मी क्वचित पाहिलं आहे. "मी तं नुसती वरडली होती," म्हणाली. मग हसू गेलं. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता तुले नोकरी कोनी देणार नाही वो."

"नाही देणार."

"मंग?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी खोलीत जाऊन रडले. दोन वर्षांच्या पॅसेंजरच्या चकरा, रॉकेलच्या दिव्यात वाचलेली पुस्तकं, मायनं पाठीवर वाहिलेल्या टोपल्या, सगळं गेलं म्हणून रडले. ते दुःख अजून गेलेलं नाही आणि जावं असं मला वाटतही नाही.

आता मी मायबरोबर जंगलात जाते. मोह वेचते, त्याच्या वासानं मळमळतं तरी वेचते. पहाटे झाडाखाली उभी राहून हाक देते, पलीकडून तिची येते. उत्तर आज माझ्याकडे आहे.

ती कथा अजून अभ्यासक्रमात आहे. मॅडमच्या हाताची जखम भरली असेल, पट्टी निघाली असेल. त्या पुन्हा शिकवतील. पुन्हा रांगेनं विचारतील, तुझी आई काय करते. पुन्हा एक पोरगी ओढणी नीट करून उभी राहील. कॉलेजनं मला फाटकाच्या आत घेऊ नये असं शिपायाला सांगितलं आहे. तो शिपाई आमच्याच बाजूचा आहे आणि भिंत काही फार उंच नाही. तास कधी आहे हे मला कळवणारं वर्गात कोणी ना कोणी असतंच. मी येईन. या वर्षी येईन, पुढच्या वर्षी येईन, ती कथा शिकवली जाते तोवर येईन. त्या हात उगारतील तेव्हा दारातून हाक येईल आणि ती हाक त्यांना कोणत्याही प्रतीकात बसवता येणार नाही. माझ्या तोंडावर कोणी हात ठेवायला आलं तर त्यानं आधी मॅडमचा अंगठा बघून यावा.